स्प्रे कॅन टाकण्याआधी कानाशी हलवून बघा

मी सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये प्रेस चालवते. धातूचे डबे दाबायचे, गठ्ठे बांधायचे. एकदा डिओचा अर्धवट भरलेला कॅन कुणाच्याही नजरेत न येता प्रेसमध्ये गेला. धाडकन आवाज झाला, आग फुत्कारली आणि माझी डावी भुवई गेली. भुवई परत उगवली, पण कॅन दिसला की हात आजही आपोआप कानाकडे जातो.

पॅकेजिंगच्या नियमांत सगळी मेख 'रिकामा' या एका शब्दात आहे. रिकामा कॅन म्हणजे धातूचं वेष्टन, वितळवून पुन्हा वापरता येणारं. आत माल आणि वायू उरला असेल, तर तोच कॅन धोकादायक कचरा. युरोपच्या कचरा-यादीत दोघांचे क्रमांकही वेगळे आहेत: धातूचं वेष्टन १५ ०१ ०४, घातक वायू दाबाखाली असलेला डबा १६ ०५ ०४.

आता रिकामा कसा ओळखायचा? फवारा जोरात येतो म्हणून भरपूर शिल्लक आहे असं समजू नका. माल बाहेर ढकलणारे ब्युटेन-प्रोपेन हे वायू आत द्रवरूपात असतात. त्यांचा थेंब उरेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. कॅन हलवा. रंगाच्या कॅनमधली खडखड ही रंग ढवळायच्या गोळीची, ती मोजू नका. द्रवाची डुचमळ ऐका. कॅन गार असेल तर दाब उतरतो आणि तो उगीच रिकामा वाटतो. खोलीत थोडा वेळ राहू द्या. गरम पाण्यात किंवा उन्हात मात्र कधीच नाही. ५० अंशांची ताकीद डब्यावरच छापलेली असते.

थोडंच उरलं असेल तर बाहेर मोकळ्या हवेत, जवळपास विस्तव नाही ना बघून, जुन्या पुठ्ठ्यावर फवारून संपवा. कॅन उभा धरा. उलटा धरलात तर बहुतेक कॅनमध्ये आतल्या नळीचं टोक वर येतं, नुसता वायू निघून जातो आणि रंग तळाशी अडकतो. मग तो कुणालाच काढता येत नाही. बरंच उरलं असेल, नोझल तुंबलं असेल किंवा कीटकनाशक असेल, तर झटापट न करता घातक कचऱ्याच्या संकलनात द्या. फटी बुजवायच्या पीयू फोमचे कॅनही तिकडेच.

फवाऱ्याचा आवाज थांबला म्हणून खिळा मारू नका. दाब संपतो, वायू संपत नाही; एक ठिणगी पुरते. पूर्वी या डब्यांत न पेटणारे सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू असायचे. ओझोनच्या थराला त्यांचा धोका कळला, १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला आणि त्यांच्या जागी बहुतेक हे पेटणारे वायू आले. तेव्हा भोक पाडायचं नाही, चेपायचं नाही, नोझल उपटायचं नाही. वरचं प्लॅस्टिकचं झाकण तेवढं काढून प्लॅस्टिकमध्ये टाका.

पोलाद की ॲल्युमिनियम, हे घरी शोधत बसू नका. पोलादाचा कॅन आमच्या पट्ट्यावर चुंबकाला चिकटतो. ॲल्युमिनियमचा पुढे जातो, फिरत्या चुंबकांचा रोटर त्याच्यात वीजप्रवाह उठवतो आणि तो टुणकन उडून वेगळ्या खणात पडतो.