आफ्रिकेत वन्यप्राण्यांच्या सेवेला जाताय? या चुका टाळा

स्वयंसेवक मागणाऱ्या ज्या जाहिरातीत सिंहाच्या छाव्याला बाटलीनं दूध पाजतानाचा फोटो आहे, तिथे अर्ज करू नका. बाकीच्या चुका निस्तरता येतात. ही नाही, कारण लक्षात येईपर्यंत तुमचे पैसे त्या धंद्यात गेलेले असतात.

दक्षिण आफ्रिकेत हा धंदा असा चालतो. पिंजऱ्यातल्या सिंहिणीपासून छावे लहानपणीच वेगळे करतात. अंगावर पिणारं पिल्लू गेलं की ती लवकर पुन्हा माजावर येते, म्हणजे छावेही जास्त. ‘आईनं टाकलेलं पिल्लू’ म्हणून तो छावा परदेशी स्वयंसेवकाच्या मांडीवर येतो, आणि स्वयंसेवक त्यासाठी वर पैसे मोजतो. थोडा मोठा झाला की पर्यटकांबरोबर फिरायला नेतात. पूर्ण वाढला की कुंपणातल्या शिकारीसाठी विकतात, किंवा त्याची हाडं आग्नेय आशियात जातात. हाडांचा हा व्यापार चोरूनच चालला होता असंही नाही. २०१७ मध्ये सरकारनंच ८०० सांगाड्यांच्या निर्यातीचा कोटा ठरवला, २०१८ मध्ये १५०० चा. २०१९ मध्ये न्यायालयानं हे दोन्ही कोटे बेकायदा ठरवले. २०२१ मध्ये पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी सिंहांचं बंदिस्त प्रजनन थांबवण्याची भूमिका जाहीर केली. पण धोरण आलं म्हणून पिंजरे एका रात्रीत रिकामे होत नाहीत.

अर्ज करण्याआधी एकच प्रश्न विचारा: मागच्या दोन-तीन वर्षांतले छावे आज कुठे आहेत? पिंजऱ्यातला सिंह वीस वर्षांपर्यंत जगू शकतो, तेव्हा ते दाखवता आले पाहिजेत. ‘रानात सोडले’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. माणसाच्या हातावर वाढलेल्या सिंहाला माणसाचं भय राहत नाही, त्याला रानात सोडत नाहीत.

पैसे आधीच भरले असतील तर? अटी वाचा, लेखी विचारणा करा, जमेल तेवढे परत मागा आणि उरलेल्यावर पाणी सोडा. ‘भरलेच आहेत तर जाऊन येऊ’ हा हिशेब इथे लावू नका.

खरं केंद्र ओळखण्याची खूण म्हणजे ते तुम्हाला काय करू देत नाही. तिथे प्रजनन नसतं, विक्री नसते, कुरवाळणं नसतं. नैरोबीच्या शेल्ड्रिक ट्रस्टमध्ये हत्तीच्या अनाथ पिल्लांना दूध पाजतात ते तिथले नेमलेले राखणदार. पिल्लू एकाच माणसाला चिकटू नये म्हणून त्यांच्याही पाळ्या बदलतात. चिंपांझी, बबून अशा माकड-वानरांसाठी शोध सुरू करायचा तर २००० साली स्थापन झालेल्या पॅन आफ्रिकन सँक्च्युअरी अलायन्स या आसराकेंद्रांच्या संघटनेची सदस्ययादी पाहा. झांबियातलं चिमफुन्शी, युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातल्या बेटावरचं न्गांबा ही त्यातली जुनी नावं. सगळीच केंद्रं सदैव स्वयंसेवक घेतात असं नाही. नकार आला तर तोही चांगल्या केंद्राचाच समजा.

टीबीची तपासणी शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

आपल्याकडच्या लोकांची गाडी हमखास इथे अडते. माणसाचे श्वसनाचे आजार चिंपांझींना सहज होतात आणि साध्या सर्दीनंही ते दगावू शकतात. म्हणून अशी केंद्रं क्षयरोग नसल्याचा दाखला मागतात. आपल्याला जन्मतःच बीसीजी ही क्षयरोगाची लस टोचलेली असते, शिवाय सुप्त संसर्ग, म्हणजे आजार न होता अंगात दडून राहिलेले जंतू, भारतात खूप जणांत असतो. त्यामुळे हातावरची मांटू चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि तिथल्या अर्जातल्या साध्या रकान्यात तुम्ही नापास होता. घाबरू नका, लपवूही नका. आयजीआरए ही रक्तचाचणी करून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांचं पत्र घ्या आणि केंद्राच्या पशुवैद्यकाला पाठवा. निर्णय त्यांचा. यात वेळ जातो, म्हणून विमानाचं तिकीट नंतर काढा. आणि तिथे गेल्यावर नाक गळायला लागलं तर न सांगता कामावर जाऊ नका, प्राण्यांची भाजी चिरायलाही नाही.

भाजी चिरणं हीच खरी नोकरी, हेही आधी कळलेलं बरं. पिंजरे धुणं, विष्ठा उचलणं, टोपल्या भरणं. मांसभक्षक प्राणी असतील तर मांस कापावं लागतं. शाकाहारी असाल तर अर्जातच विचारा, पोचल्यावर तोंड फिरवू नका. तुमचं जेवण मात्र निभतं: उगाली, न्शिमा किंवा ‘पाप’ (देशागणिक नाव वेगळं) म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पालेभाजी.

माकडाकडे बघून दात दाखवणं

वर्व्हेट आणि बबून या आफ्रिकी माकडांच्या भाषेत रोखून बघणं आणि दात दाखवणं ही धमकी. नवा माणूस प्रेमानं हसतो आणि माकडाकडून चावून घेतो. नजर खाली, तोंड मिटलेलं. तरीही चावलं किंवा ओरखडलं तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. रेबीजचे आधी घ्यायचे प्रतिबंधक डोस भारतातून घेऊन गेलात तर पुढचं सोपं होतं.

आणि चिंपांझीसोबत सेल्फी नको. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार प्रायमेटच्या, म्हणजे माकड-वानरवर्गातल्या प्राण्याच्या, जवळ असलेल्या माणसाचे फोटो टाकूच नयेत. असा फोटो पाहिला की तो प्राणी पाळता येतो असं लोकांना वाटतं, आणि पिल्लांच्या चोरबाजाराला गिऱ्हाईक मिळतं.

बॅग भरताना

लोणची-चटण्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत बांधू नका. केनियात २०१७ पासून, टांझानियात २०१९ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. लष्करी छापाचे कपडे झांबिया-झिम्बाब्वेत सामान्य माणसाला चालत नाहीत. गडद निळे-काळे कपडे निद्रारोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीला ओढतात. जून-जुलैत दक्षिणेकडे हिवाळा असतो, तेव्हा ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ म्हणून स्वेटर घरी ठेवणारे रात्री कुडकुडतात.

व्हिसाही तपासा. बिनपगारी काम हेही बऱ्याच देशांत कामच मानतात, म्हणून केंद्राकडून कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या आणि त्याप्रमाणे अर्ज करा.

केनिया किंवा युगांडाहून परतताना आपल्या विमानतळावर पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.