पणजोबा फुटबॉल खेळायचे म्हणे... मग शोधायचं कसं?

आमच्या रत्नागिरीकडे बऱ्याच घरात सांगतात, पणजोबा मुंबईला चाकरमानी होते आणि बॉल जाम भारी मारायचे, पण पुरावा विचारला की सगळे गप्प. तर आधी गणपतीत सगळे गावी आले की म्हाताऱ्यांना गाठा, आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, लिहीत बसू नका, कारण आजी एकदा सुटली की थांबत नाही.

मग माळ्यावरची ट्रंक. फोटोला बुरशी असेल (कोकणातला पाऊस, दुसरं काय) तर पुसायचा नाही, ओटीवर उजेडात तसाच फोटो काढायचा, मागची बाजूपण.

फोटोत पायात बूट नाही म्हणून खोटं समजू नका हां, १९११ ला कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीला २-१ हरवून आयएफए शिल्ड (तिकडची मोठी फुटबॉल स्पर्धा) जिंकली तेव्हा एक सुधीर चटर्जी सोडून सगळे अनवाणीच होते.

मुंबईची जुनी फुटबॉल स्पर्धा म्हणजे रोव्हर्स कप, तो १८९१ पासूनचा, त्यामुळे 'कप जिंकला' म्हणाले तर साल विचाराच. बरीच वर्षं तो गोऱ्या पलटणीच न्यायच्या, मिलिटरीबाहेरची पहिली देशी टीम जिंकली ती १९३७ ला, बेंगलोर मुस्लिम्स.

जुन्या इंग्रजी पेपरात आडनावाचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे शोधा.