टेंडन शिवल्यानंतर बोटांना मुंग्या येत असतील तर

काचेने किंवा विळीने मनगटाजवळचे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) तुटले, ते शिवले गेले आणि नंतर बोटे बधिर वाटू लागली, की ‘जखम भरते आहे, होईल कमी’ असे म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. अशा वेळी बधिरपणा किती आहे यापेक्षा तो केव्हा सुरू झाला, हे आधी आठवावे. जखम झाल्या क्षणापासूनच स्पर्श कळत नसेल, तर नस (म्हणजे स्पर्शाची जाणीव नेणारी नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) कापली गेली असण्याची शक्यता असते. सुरुवातीला स्पर्श नीट कळत होता आणि काही दिवसांनी मुंग्या आल्या, तर नस दबत असल्याचा संशय घ्यावा.

मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये कार्पल टनेल नावाचा अरुंद बोगदा असतो. बोटे मिटणारी 9 टेंडन आणि मीडियन नर्व्ह (अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची त्याकडची बाजू यांना स्पर्श देणारी नस) त्यातूनच जातात. टेंडनभोवतीचे आवरण सुजले तरी बोगदा रुंदावत नाही, आणि दाब नसेवर येतो.

डोळे मिटून घ्यावेत आणि घरातल्या कोणाला तरी कापसाच्या बोळ्याने प्रत्येक बोटाचे टोक हलकेच स्पर्शायला सांगावे. अनामिकेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्यात, कारण तिची मधल्या बोटाकडची बाजू बधिर आणि करंगळीकडची शाबूत असेल, तर संशय थेट मीडियन नर्व्हवर जातो. करंगळीच बधिर असेल, तर अल्नार नर्व्हचा, म्हणजे करंगळीला स्पर्श देणाऱ्या नसेचा, विचार करावा लागतो.

नस दबते का हे कळण्यासाठी मनगट मिनिटभर पूर्ण वाकवून पाहण्याची चाचणी सर्वत्र सांगितली जाते. नुकत्याच शिवलेल्या टेंडनवर ती घरी मुळीच करू नये. मनगट फार वाकलेल्या स्थितीत बांधले असेल, तर बोगद्यातला दाब वाढतो हे खरे, पण स्प्लिंटचा (हात स्थिर ठेवणाऱ्या आधाराचा) कोन सर्जननेच बदलावा, कारण स्वतः सैल केलेल्या स्प्लिंटमध्ये टाके तुटू शकतात. तोवर हात गळ्यातल्या झोळीत खाली लोंबत न ठेवता उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा.

काही तासांत वेदना आणि बधिरपणा वाढत गेला किंवा बोटे फिकी, गार पडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. एरवी पुढच्या भेटीत मुंग्या कोणत्या बोटांना आणि कधी येतात, झोपमोड होते का, हे लिहून न्यावे. नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश नीट जातो का हे पाहणारी) करायची की पट्टा कापून नस मोकळी करायची, हे ठरवताना सर्जनला त्याचा उपयोग होतो.