आउटबोर्डला ठिणगीच नाही: माझा अनुभव

१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपली, होडी गोव्यातल्या शापोरा नदीत उतरवली आणि जुनं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावतात ते) इंजिन दोरी ओढून ओढून दमवू लागलं. प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवून पाहिला, तर दोन्हीकडे ठिणगी नाही. मेस्त (मेकॅनिक) म्हणाला, "सीडीआय गेला, बदलूया." सीडीआय म्हणजे ठिणगीसाठी वीज साठवून नेमक्या वेळी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा. महागडा सुटा भाग असा अंदाजाने बदलायचा नसतो.

दोन्ही कॉइल (प्रत्येक प्लगला जास्त दाबाची वीज देणारी गुंडाळी) एकदम सहसा मरत नाहीत, म्हणून दोघांना सामाईक काय ते पाहिलं. मॅग्नेटो-सीडीआय इंजिनात (म्हणजे जे फिरत्या चुंबकातून ठिणगीची वीज बनवतं) बंद करायचं बटण इग्निशन अर्थ करतं, म्हणजे ठिणगीची वीज इंजिनच्या धातूत उतरवतं. ते आतून चिकटलं की ठिणगी संपली. बटणाची वायर सीडीआयपासून सोडवली आणि निळी, कडक ठिणगी आली! (वायर सुटी असताना बटणाने इंजिन थांबत नाही, चोक ओढून बंद करावं. आणि ठिणगी बघताना पेट्रोलची टाकी लांब.) मल्टिमीटरने बटण 'चालू' स्थितीतही अर्थ दाखवत होतं. उघडलं, तर आत खाऱ्या हवेने आलेला हिरवा गंज.

नवं बटण बसवलं. कॉइलच्या अर्थचा बोल्टही पॉलिश पेपरने घासून वर ग्रीस लावलं. आता दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू होतं.