तरंगणं, तरणं, वाहणं: नेमका शब्द कसा निवडावा

मी मुद्रितशोधनाचं काम करते. पाण्यावरचं काहीही आलं की लेखक 'तरंगणे' लिहून मोकळे होतात, आणि मला राहवत नाही.

शब्द निवडताना आधी विचारा: वस्तू जागच्या जागी आहे की पुढे चाललीय? त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेत द्रोणातला दिवा सोडून बघा. हात काढला की तो क्षणभर तरंगतो. मग धार त्याला धरते, तो वाहत जातो. लाट आली तर हेलकावतो. काठाच्या पायरीला अडकला तर नुसता डुलत राहतो. एकाच दिव्याला चार क्रियापदं लागली.

'वाहत जाणे' आणि 'वाहून जाणे' यांत गल्लत करू नका. ओंडका वाहत जातो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पुरात शेत वाहून जातं. तिथे नुकसान आहे, परत न मिळणं आहे. माणूस मोहाने वाहवत जातो.

'भरकटणे'ला मुळात एक वाट लागते. जिला कुठे जायचंच नव्हतं ती फांदी भरकटत नाही, तारू भरकटतं.

'तरणे' म्हणजे बुडता बुडता वाचणं. म्हणून रामनामाने पाषाण तरले म्हणतात, आणि वेळेवर आलेल्या पावसाने पीक तरलं असंही.

डोळ्यांत पाणी मात्र तरळतं. तिथे 'तरंगलं' दिसलं की मी लाल पेनाने खोडतेच.