इशापूरची जुनी लष्करी रायफल अमेरिकेत विकत घेताना आणि सांभाळताना

महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली 'थ्री नॉट थ्री' म्हणजे ली-एनफिल्ड, आणि ती बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही घडत असे. भारतीय लष्कराने मोडीत काढलेल्या अशा पुष्कळ रायफली अमेरिकेत विकल्या गेल्या. तेथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला त्यांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे, मात्र पहिला प्रश्न कायद्याचा आहे. नागरिक व ग्रीन कार्डधारक यांना खरेदी करता येते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर मात्र, मोजके अपवाद वगळता, बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगणे हाच फेडरल गुन्हा ठरतो. दुकानातून घेताना खरेदीदाराच्या माहितीचा ४४७३ क्रमांकाचा फेडरल अर्ज भरावा लागतो. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील शस्त्रांसाठी संग्राहकाचा परवाना ३० डॉलरमध्ये तीन वर्षांसाठी मिळतो, पण प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंदवही ठेवणे त्यात बंधनकारक आहे. राज्याचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून ते आधी वाचावेत.

रायफल हातात आल्यावर लाकडाच्या चकाकीकडे न पाहता ती कोणत्या काडतुसाची आहे हे आधी ठरवावे. १९०७ च्या मूळ रचनेतील एमके ३ (मार्क ३) या नमुन्याला .३०३ चे काडतूस व दहा गोळ्यांचे मॅगझिन असते, तर १९६० च्या दशकात इशापूरने काढलेली २ए या नमुन्याची रायफल ही ७.६२ नाटो काडतुसाची असून तिचे मॅगझिन बारा गोळ्यांचे व अधिक चौकोनी दिसते. या दोहोंची काडतुसे कधीही अदलाबदल करू नयेत. 'डीपी' हा शिक्का कवायतीच्या रायफलींवर असतो आणि त्यांतून गोळी झाडणे धोक्याचे आहे. बोल्टवरचा (काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागावरचा) व रायफलीच्या मुख्य भागावरचा क्रमांक एकच हवा, कारण बोल्ट त्याच रायफलीत बसवून जुळवलेला असतो. क्रमांक जुळले तरी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि काडतूस जिथे टेकते ती जागा यांतील अंतर, बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून गेजने मोजून घ्यावा. नळीत प्रकाश टाकून पाहावे. आतून काळवंडलेली, परंतु खोबणीच्या कडा शाबूत असलेली नळी बरेचदा चांगली चालते. नळीच्या तोंडाची झीज मात्र नेम बिघडवते.

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीतून) क्षार मागे राहतो, तो हवेतील ओल शोषून नळीला गंज चढवतो, आणि तेलात तो विरघळत नाही; म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेल लावावे. एमके ३ चा मागचा दस्ता काढण्यापूर्वी पुढचे लाकूड काढणे आवश्यक आहे, अन्यथा दस्ता घट्ट धरणाऱ्या लांब स्क्रूचे चौकोनी टोक फिरून ते लाकूड फाटते. लाकडावर सँडपेपर फिरवणे म्हणजे कारखान्याचे व तपासनिसांचे शिक्के स्वतःच्या हाताने पुसणे होय, आणि माझ्या मते याहून मोठे नुकसान या रायफलीचे दुसरे नाही. साचलेले ग्रीस पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात देणे पुरेसे आहे. कुलुपबंद कपाटात ठेवताना बोल्ट वेगळा काढावा आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. मायदेशी परतताना रायफल सोबत आणण्याचा विचार करू नये, कारण भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे.