सर्वो अडला की जळतो

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) मॉडेलमधला सर्वो, म्हणजे विमानाचे हलते पट्टे किंवा गाडीची चाकं वळवणारी छोटी मोटर, पळून जळत नाही, अडून जळतो. मोटर फिरत असते तेव्हा तिच्यातच उलटं व्होल्टेज तयार होऊन करंटला आवर बसतो. ती अडली की हा आवर संपतो आणि उरतो तो फक्त गुंडाळीच्या तारेचा रोध. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट तिप्पट झाला तर उष्णता नऊपट, आणि तीही काडेपेटीहून लहान बंद डबीत.

आधी पुशरॉड (सर्वोला पट्ट्याशी जोडणारी तार) काढून एलेव्हेटर, रडर (शेपटीचा आडवा आणि उभा हलता पट्टा) हाताने हलवा. टेपची बिजागरी ताठ असेल तर सर्वो बदलून काही होणार नाही, टेप नव्याने लावा. मॉडेल आडवं धरल्यावर एलेव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली लोंबला पाहिजे.

आता पुशरॉड जोडा, ट्रिमही (मधली जागा सरकवणारं बटण) त्याच बाजूला पूर्ण द्या, ट्रान्समीटरची स्टिक टोकाला नेऊन पाच सेकंद धरा आणि कान लावा. गुरगुर थांबत नसेल तर सर्वो अडलाय. ट्रान्समीटरमध्ये त्या बाजूचा एंड पॉइंट (सर्वो किती फिरेल याची मर्यादा) दोन-दोन टक्क्यांनी उतरवा. आवाज बंद झाला की आणखी दोन टक्के कमी करा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघा, त्या क्वचितच सारख्या निघतात. एंड पॉइंट सत्तरच्या खाली न्यावा लागला तर दोष जोडणीत आहे: पुशरॉड सर्वोच्या आर्मवर एक भोक आत घ्या. हालचाल घटते, जोर वाढतो. गाडीत मात्र सर्वो सेव्हर (धक्का झेलणारी स्प्रिंगची जोडणी) हवाच, कारण चाक भिंतीला अडलं तर एंड पॉइंट काय करणार?

एसजी९० या छोट्या सर्वोला ५ व्होल्ट पुरे. पूर्ण चार्ज झालेली दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ८.४ व्होल्ट देते, ती थेट जोडू नका. ईएससीतला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) बीईसी, म्हणजे सर्वो आणि रिसीव्हरला ५ व्होल्ट पुरवणारा भाग, लिनियर (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा) असेल आणि बॅटरी तीन सेलची, तर १२.६ मधून ५ वजा जाता ७.६ व्होल्ट तिथेच जिरतात. १ अँपिअरला ७.६ वॅट. चार सर्वो असतील तर वेगळा ३ अँपिअरचा स्विचिंग (कमी तापणारा) बीईसी घ्या.

गायरो (मॉडेल स्थिर ठेवणारं सर्किट) लावणारे हमखास विसरतात ते असं: अ‍ॅनालॉग सर्वोला सेकंदाला ५० पल्स लागतात. गायरोत ३३३ ची डिजिटल सेटिंग राहिली तर असा सर्वो जागच्या जागी तापतो.

बडोद्याच्या मे महिन्यात मॉडेल बंद गाडीत ठेवून थेट मैदानावर उडवू नका. सर्वो आधीच तापलेला असतो, वर मोटरची भर. सावलीत पंधरा मिनिटं उघडं ठेवा. उत्तरायणानंतर बिजागरीत मांजा अडकलाय का, तेही बघा. धागा बारीक, पण एलेरॉन (पंखाचा हलता पट्टा) जाम करायला पुरतो.

जळका वास एकदा आला की तो सर्वो फिरत असला तरी टाकून द्या. गुंडाळीतलं शॉर्ट बीईसीचं व्होल्टेज खाली खेचतं, रिसीव्हर (ट्रान्समीटरचे सिग्नल घेणारा भाग) बंद पडतो आणि विमान बाकीचे सर्वो घेऊन खाली येतं.